‘होल’ कुठे, ‘ऑल’ कुठे आणि ‘फुल’ कुठे: इंग्रजी नव्यानं बोलू लागलेल्यांसाठी

नागपुरात इंग्रजी नव्यानं बोलू लागलेला माणूस पहिल्या महिन्याभरात दोन वाक्यं हमखास बोलतो. एक, ‘फुल डे आय वॉज बिझी.’ दुसरं, ‘माय फुल फॅमिली इज इन काटोल.’ समोरच्याला कळतं, कारण समोरचाही ‘पुरा दिवस’, ‘पुरी फॅमिली’ असंच बोलणारा असतो. मिहानमधल्या एखाद्या कंपनीत परदेशातल्या ग्राहकाशी फोनवर बोलायची वेळ आली की मात्र हा ‘फुल’ अडतो. कुटुंब ‘फुल’ म्हणजे काय, आणखी कुणाला आत घ्यायला जागा उरली नाही की काय, असा प्रश्न त्याला पडला तर नवल नाही. तिथं हवा असतो ‘होल’.

डब्ल्यू, एच, ओ, एल, ई अशा पाच अक्षरांचा हा शब्द शाळेच्या पुस्तकात कधीच येऊन गेलेला असतो. अर्थ विचारला की ‘पूर्ण’ असं उत्तर येतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खाली पायऱ्या दिल्या आहेत. त्यातली दुसरी नीट चढलात तर पुढच्या निम्म्या आपोआप सुटतात. बाकीच्यांपैकी जी नको वाटेल ती खुशाल वगळा, दुसरी वगळू नका.

पायरी १: आधी उच्चार

‘व्होल’ नाही, ‘होल’. सुरुवातीचा डब्ल्यू मुका आहे. व्हॉट, व्हाय, व्हेन म्हणायची सवय असल्यामुळे इथंही ‘व्ह’ तोंडात येतो, पण डब्ल्यू-एचच्या पुढे ओ आला की बहुतेक वेळा डब्ल्यू गप्प बसतो आणि एच बोलतो: हू, हूज, हूम, होल. दुसरा कुठला स्वर आला तर उलट.

म्हणजे ‘अख्खा’ या अर्थाचा होल आणि ‘भोक’ या अर्थाचा होल ऐकायला तंतोतंत सारखेच. फरक फक्त लिहिताना दिसतो, भोकाच्या होलला डब्ल्यू नाही. बोलण्यात घोटाळा होत नाही, कारण वाक्यातली जागा वेगळी असते. ‘देअर इज अ होल इन द रोड’ म्हणजे रस्त्यात खड्डा आहे, ‘द होल रोड इज डग अप’ म्हणजे अख्खा रस्ता खणून ठेवलाय. आपल्याकडे पावसाळ्यात दोन्ही वाक्यं एकाच रस्त्याबद्दल खरी असू शकतात.

तिसरा एक जवळचा आवाज आहे, ‘हॉल’. लग्नाचा हॉल. तिथं तोंड जास्त उघडतं, होल म्हणताना ओठ गोल होतात. हे एक वाक्य मोठ्यानं पाच-सात वेळा म्हणा: ‘द होल हॉल वॉज फुल.’ अख्खा हॉल भरला होता. उच्चाराचा सराव होतोच, शिवाय ‘होल’ आणि ‘फुल’ एकाच वाक्यात आपापल्या जागी कसे बसतात तेही कानाला कळतं.

हा डब्ल्यू आला कुठून, असं कुणी विचारतंच. जुन्या इंग्रजीत तो नव्हता. तिथला शब्द होता ‘हाल’, अर्थ धडधाकट, कुठे काही न मोडलेला. पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्यांनी स्पेलिंगमध्ये डब्ल्यू घुसवला आणि तो तिथंच राहिला. त्याच ‘हाल’पासून ‘हेल्थ’ आला, ‘हील’ म्हणजे जखम भरून येणं हा शब्दही आला. म्हणून जुन्या इंग्रजीत आजारी माणूस बरा झाला की तो ‘होल’ झाला असं म्हणत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हा वापर ठिकठिकाणी आहे. आज बोलताना असं कुणी म्हणत नाही. कायद्याच्या आणि विम्याच्या भाषेत मात्र ‘मेक समवन होल’ म्हणजे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई देऊन पूर्वस्थितीला आणणं, असा वापर अजून चालतो. विमा कंपनीच्या कामात असाल तर हा शब्दप्रयोग भेटेल.

पायरी २: ‘पूर्ण’ विसरा, ‘अख्खा’ धरा

मराठीतला ‘पूर्ण’ फार उदार शब्द आहे. टाकी पूर्ण भरते, अर्ज पूर्ण होतो, पूर्ण दिवस वाया जातो, पूर्ण गाव जमतं, माणसावर पूर्ण विश्वास असतो. इंग्रजीत या जागा वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतल्या आहेत. ‘पूर्ण’मधून इंग्रजीत जायला लागलात की फाटा चुकणारच. पण मराठीतही बारकावा सांगणारे शब्द आहेत की: अख्खा, सगळा, भरलेला, पुरा झालेला. त्यांच्यातून जा.

समजा कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांचा एक क्रेट घरी आलाय. क्रेट काठोकाठ भरलेला आहे: ‘द क्रेट इज फुल.’ इथं नजर भांड्यावर आहे, त्यात आणखी काही मावत नाही एवढंच सांगायचंय. त्यातलं एक संत्रं उचला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, नखानं सहज सुटते, आत दहा-बारा फोडी. कुणालाही न देता तुम्ही ते एकट्यानं संपवलंत तर ‘आय एट द होल ऑरेंज.’ दोन फोडी पोराच्या हातावर ठेवल्यात की हे वाक्य खोटं झालं. नजर एकाच वस्तूवर आहे आणि तिचा एकही भाग सुटला नाही, हे ‘होल’ सांगतो. आठवड्यानं क्रेट रिकामा झाला: ‘वी एट ऑल द ऑरेंजेस.’ आता नजर पुष्कळ वस्तूंवर गेली, म्हणून ‘ऑल’. आणि दुकानदारानं पाच क्रेट मागवले होते, पाचवा आत्ता पोचला, तर ‘द ऑर्डर इज कम्प्लीट.’ तिथं एक यादी किंवा काम आहे आणि त्यातलं काही बाकी राहिलं नाही.

एकदा हे डोळ्यांसमोर आलं की कसोटी सोपी. मनातल्या मराठी वाक्यात ‘अख्खा’ घालून बघा. अख्खा दिवस, अख्खी रात्र, अख्खं कुटुंब, अख्खी पोळी, अख्खा मोहल्ला. बसतोय ना? मग ‘होल’. ‘माझा त्याच्यावर अख्खा विश्वास आहे’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिथं ‘होल ट्रस्ट’ नाही, ‘फुल ट्रस्ट’ किंवा ‘कम्प्लीट ट्रस्ट’. ‘अख्खं नाव लिहा’ असंही नाही, म्हणून फॉर्मवर ‘फुल नेम’. ‘अख्खा पत्ता’ नाही, म्हणून ‘फुल ॲड्रेस’ किंवा ‘कम्प्लीट ॲड्रेस’.

वऱ्हाडी बोलणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. आपला ‘सप्पा’ जवळजवळ नेहमी ‘ऑल’कडे जातो. सप्पा लोक आले, सप्पा भांडे घासून झाले. ‘पुरा’ मात्र दगा देतो, कारण तो ‘होल’चंही काम करतो आणि ‘कम्प्लीट’चंही. ‘पुरा दिवस’ हा होल, ‘काम पुरं झालं’ हा कम्प्लीट. तोंडात ‘पुरा’ आला की क्षणभर थांबायचं आणि त्याजागी ‘अख्खा’ चालतो का ते बघायचं.

पायरी ३: ‘द’ गाळू नका, आणि तो कुठे बसतो ते बघा

मराठीत ‘द’सारखं काही नाही, म्हणून ‘आय वेटेड होल डे’ असं तोंडातून निघून जातं. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळा सुधारतो ती हीच चूक. ‘होल’च्या आधी कुणीतरी लागतंच: द, माय, युवर, धिस, किंवा अ. ‘आय वेटेड द होल डे.’ ‘माय होल फॅमिली.’ ‘धिस होल एरिया.’

‘ऑल’चं उलट आहे. तो ‘द’च्या आणि ‘माय’च्याही पुढे उभा राहतो. द होल डे, पण ऑल द टाइम. माय होल लाइफ, पण ऑल माय लाइफ. आपण मराठीत ‘माझं सगळं आयुष्य’ आणि ‘माझं अख्खं आयुष्य’ एकाच क्रमानं म्हणतो, त्यामुळे ‘माय ऑल लाइफ’ असं वाक्य बनतं आणि ते कानाला फार टोचतं. ‘डे’ आणि ‘नाइट’सारख्या शब्दांबरोबर ‘ऑल’ला ‘द’ची गरजच पडत नाही: ऑल डे, ऑल नाइट. ‘होल’ला पडते.

आता ‘अ होल’. हा आपल्या ‘तब्बल’चा सख्खा भाऊ आहे. ‘इट टुक अ वीक’ म्हणजे आठवडा लागला. ‘इट टुक अ होल वीक’ म्हणजे तब्बल एक आठवडा लागला, त्यात वैताग आला. अनेकवचनातही चालतो: ‘टू होल वीक्स’, चांगले दोन आठवडे. गॅस सिलिंडर, पासपोर्ट, प्लंबर यांच्याबद्दल बोलताना हा उपयोगी पडतो.

एक बारीक गोष्ट इथंच. ‘अवर’ एकटा असला तर ‘ॲन अवर’, कारण तिथं एच मुका. मध्ये ‘होल’ आला की ‘अ होल अवर’, कारण आता पहिला आवाज ‘ह’ आहे. अ की ॲन हे पुढच्या शब्दाचा आवाज ठरवतो, स्पेलिंग नाही.

पायरी ४: जिथं ‘होल’ चालत नाही

पाणी, पैसा, सामान, माहिती असल्या न मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘होल’ लावत नाहीत. ‘द होल वॉटर’ चूक, ‘ऑल द वॉटर’ बरोबर. ‘द होल मनी’ चूक, ‘ऑल द मनी’ बरोबर. होल लागायला एक अशी वस्तू लागते जिला कड आहे, सुरुवात-शेवट आहे. पाण्याला तो नाही, पाण्याच्या बाटलीला आहे, म्हणून ‘ही ड्रँक द होल बॉटल’ हे अगदी बरोबर.

याला एक अपवाद सगळ्यांनी ऐकलेला आहे. सत्य काही मोजता येत नाही, तरी ‘द होल ट्रुथ’ म्हणतात. १९६९ च्या शपथ अधिनियमात साक्षीदाराच्या शपथेचा जो इंग्रजी मजकूर आहे, त्यात साक्षीदार म्हणतो की मी सांगेन ते ‘द ट्रुथ, द होल ट्रुथ अँड नथिंग बट द ट्रुथ’ असेल. तीन तुकडे आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. पहिल्यात सांगेन ते खरं असेल. तिसऱ्यात त्यात खोट्याची भेसळ नसेल. मधला तुकडा आहे लपवाछपवीसाठी: गाडी मीच चालवत होतो हे सांगायचं आणि झोप लागली होती हे गाळायचं, असं चालणार नाही. इथं सत्य ही एकच वस्तू धरली आहे, तिला भाग आहेत, आणि एक भाग काढून घेतला तर ती अख्खी राहत नाही. संत्र्याची फोड पोराला दिली तेव्हाचाच हिशेब. ‘द होल स्टोरी’ आणि ‘द होल थिंग’ हे याच जातीचे.

अनेकवचनी शब्दांचं काय? ‘द होल स्टुडंट्स’ चूक, ‘ऑल द स्टुडंट्स’ बरोबर. पण ‘द’ काढून नुसतं ‘होल’ आणि अनेकवचन असं आलं तर अर्थच बदलतो, आणि हा बदल मराठी माणसाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळायला हवा. दीक्षाभूमीचं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोक लांबलांबून येतात. त्याबद्दल ‘ऑल फॅमिलीज कम’ म्हणालात तर सगळी कुटुंबं येतात, एकही सुटत नाही, असा अर्थ होतो. तो खरा नाही. ‘होल फॅमिलीज कम’ म्हणजे कुटुंबंच्या कुटुंबं येतात: आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत, घरात कुणी मागं न ठेवता. ‘होल व्हिलेजेस’ म्हणजे गावंच्या गावं. मराठीत शब्दाची अशी दुरुक्ती जिथं सहज येते, तिथं इंग्रजीत डोळे मिटून ‘होल’ आणि अनेकवचन टाका.

क्रियापदही बघून घ्या. ‘द होल फॅमिली इज कमिंग’, पण ‘ऑल द फॅमिली मेंबर्स आर कमिंग’. होल एकवचनी वस्तूला धरून असतो, म्हणून ‘इज’.

पायरी ५: गावाच्या आणि महिन्याच्या नावाआधी

‘होल नागपूर वॉज ऑन द स्ट्रीट’ हे वाक्य मारबतीच्या दिवशी कुणाच्याही स्टेटसला दिसेल. पिवळी आणि काळी मारबत निघते तेव्हा इतवारीतली गर्दी बघून वाक्याचा भाव खराच वाटतो, व्याकरण मात्र जमलेलं नाही. विशेषनामाच्या आधी ‘होल’ थेट बसत नाही, मध्ये ‘ऑफ’ लागतो: ‘द होल ऑफ नागपूर’. द होल ऑफ विदर्भ, द होल ऑफ इंडिया. महिन्यांनाही तेच: ‘द होल ऑफ मे’. पारा पंचेचाळिशीच्या आसपास घुटमळत असताना ‘आय स्टेड इनडोअर्स फॉर द होल ऑफ मे’ हे वाक्य नागपूरकराला लागणारच. सर्वनामालाही ‘ऑफ’ लागतो, ‘द होल ऑफ इट’. पण ‘सिटी’, ‘कंट्री’, ‘वर्ल्ड’ ही सामान्यनामं आहेत, त्यांना ‘ऑफ’ची गरज नाही. ‘द होल सिटी’ म्हणा, काम भागतं. बोलताना ‘द होल ऑफ’ जड वाटत असेल तर ‘ऑल ऑफ नागपूर’ हलकं आहे.

‘पार्ट’ आणि ‘होल’ ही जोडी एका वाक्यात बांधून ठेवायची असेल तर मेट्रोचं उदाहरण कामाचं आहे. नागपूर मेट्रोचा खापरी ते सीताबर्डी हा भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, आणि पहिला टप्पा सगळा खुला व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. ‘अ पार्ट ऑफ फेज वन ओपन्ड इन २०१९, बट द होल ऑफ इट वॉज रेडी ओन्ली इन २०२२.’ मुलाखतीत शहराबद्दल दोन वाक्यं बोला म्हणाले तर हे तयार ठेवा.

पायरी ६: ‘ऑन द होल’ आणि ‘ॲज अ होल’

ही जोडी एकमेकांच्या जागी वापरण्याची चूक चांगले शिकलेलेही करतात. ‘ऑन द होल’ म्हणजे एकंदरीत, चांगलं-वाईट दोन्ही बघून. ‘ऑन द होल, आय लाइक द जॉब.’ पगार कमी आहे, बस लांबून पकडावी लागते, पण एकंदरीत बरं चाललंय. बोलणाऱ्याचं मत आहे, आणि त्यात थोडं हातचं राखलेलं आहे.

‘ॲज अ होल’ म्हणजे सगळं मिळून एक धरलं तर. त्यात मत नाही, हिशेब आहे. विदर्भात ११ जिल्हे, नागपूर विभागात ६ आणि अमरावती विभागात ५. एखादा आकडा फक्त नागपूर जिल्ह्याचा नसून सगळ्या अकरांचा मिळून असेल, तर तो ‘विदर्भ ॲज अ होल’चा आकडा. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये हा लागतो, ‘द टीम ॲज अ होल’, ‘द कंपनी ॲज अ होल’. ‘ऑन द होल’ बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो, ‘ॲज अ होल’ ज्या नामाबद्दल आहे त्याच्या पाठीला चिकटतो. तेवढी खूण पुरते.

‘द होल पॉइंट’ हाही उचलून ठेवा. ‘दॅट इज द होल पॉइंट’ म्हणजे मुद्दाच तो आहे ना! मीटिंगमध्ये वापरायला छान, घरी बायकोशी किंवा नवऱ्याशी जपून.

पायरी ७: बाजारात, पाकिटावर, गणिताच्या वहीत

इतवारीत पाटी वाचत हिंडलात तर ‘होलसेल’ दर चार दुकानांआड दिसतो. माल न फोडता, अख्खाच्या अख्खा विकायचा, म्हणून होल-सेल. ‘रिटेल’ या शब्दाच्या पोटात जुन्या फ्रेंचमधला ‘कापलेला तुकडा’ आहे. म्हणजे ठोकवाला ताग्यानं विकतो आणि किरकोळवाला तोच तागा कापून मीटरनं. इंग्रजीत होलसेलचा आणखी एक अर्थ आहे, सरसकट: ‘होलसेल चेंजेस’, ‘होलसेल ट्रान्सफर्स’. तो शिकवावा लागत नाही, कारण आपल्या वर्तमानपत्रांतही घाऊक बदल्या आणि घाऊक पक्षांतरं होतच असतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर विशेष.

ब्रेडच्या पाकिटावरचा ‘होल व्हीट’ म्हणजे गहू कोंड्यासकट, अंकुरासकट, काही न काढता दळलेला. गिरणीतून आणलेली, न चाळलेली कणीक होल व्हीटच आहे. मैद्यात कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो. ब्रेड तपकिरी दिसतो म्हणून होल व्हीट समजू नका, रंग कॅरॅमलनंही येतो. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. भारतात ही यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहावी लागते, त्यामुळे मैदा किंवा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ पहिला असेल तर पुढच्या बाजूची मोठी अक्षरं नुसती शोभेची.

दुधाच्या बाबतीत एक गंमत होते. आपल्या पिशवीवर ‘फुल क्रीम’ असतं, त्यात स्निग्धांश किमान ६ टक्के. अमेरिकन पाककृतीत ‘होल मिल्क’ लिहिलेलं असतं, त्यात किमान ३.२५ टक्के. ‘होल’ म्हणजे फुल क्रीम समजून केक केलात तर तो अपेक्षेपेक्षा जड होऊ शकतो. आपलं टोन्ड दूध ३ टक्क्यांचं, ते त्या मानानं जास्त जवळचं. सावजी रस्सा करणाऱ्याला मात्र ‘होल स्पाइसेस’ सांगायला नको, खडा मसाला त्याच्या रोजच्या हातातला. मसुरीची न भरडलेली डाळ ही ‘होल मसूर’. आपण तिला अख्खा मसूरच म्हणतो, म्हणजे दुसऱ्या पायरीवरची कसोटी वाण्याच्या दुकानातही लागू पडते.

पोरांना गणित शिकवत असाल तर: नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात, त्यात शून्य घेतलं की ‘होल नंबर्स’ म्हणजे पूर्ण संख्या, आणि ऋण संख्याही घेतल्या की ‘इंटिजर्स’ म्हणजे पूर्णांक. झिरो माइलच्या गावात राहून शून्य विसरायचं काही कारण नाही.

पायरी ८: भावकी

‘एन्टायर’ आणि ‘होल’ बहुतेक जागी अदलाबदल करता येतात. एन्टायर थोडा सुटाबुटातला आहे, ईमेलमध्ये चांगला दिसतो: ‘द एन्टायर टीम’. चहाच्या टपरीवर ‘होल’ पुरे. अर्जात आणि ईमेलमध्येही मला ‘होल’च आवडतो, पण वरिष्ठांचा आग्रह असेल तर वाद घालू नका.

‘इन्टॅक्ट’ कधी? मोडायची, फुटायची भीती होती आणि तरी वस्तू शाबूत राहिली तेव्हा. कुरिअरनं काचेची बरणी मागवली आणि ती न तडकता आली: ‘इट अराइव्ह्ड इन्टॅक्ट.’ टेबलावर सकाळपासून नुसत्या पडून असलेल्या संत्र्याला इन्टॅक्ट म्हणण्यात अर्थ नाही.

‘होलसम’ म्हणजे अख्खा नव्हे. अंगाला किंवा मनाला हितकर, सात्त्विक. ‘होलसम फूड.’ ‘होली’ म्हणजे पूर्णपणे, याचं स्पेलिंग लिहिताना ई गळतो आणि एल दोन होतात. कंपन्यांच्या कागदपत्रांत ‘होली ओन्ड सबसिडिअरी’ दिसेल: जिचे शंभर टक्के शेअर एकाच मूळ कंपनीकडे आहेत अशी उपकंपनी. पवित्र या अर्थाचा ‘होली’ वेगळा, त्यात डब्ल्यूही नाही आणि दुसरा एलही नाही.

पायरी ९: आता तोंड उघडा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग उत्तर बघा. लिहून काढू नका, मोठ्यानं म्हणा.

‘मी अख्खी रात्र जागा होतो.’ आय वॉज अवेक द होल नाइट. ‘ऑल नाइट’ही चालेल, ‘होल नाइट’ एकटा नाही.

‘त्यानं सगळे पैसे खर्च केले.’ ही स्पेंट ऑल द मनी.

‘बस भरलेली होती.’ द बस वॉज फुल. इथं होल आणलात तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

‘अख्खी बस उतरली.’ म्हणजे बसमधली सगळी माणसं उतरली. मराठीत चालतं, पण ‘द होल बस गॉट डाउन’ म्हणू नका. उतरतात ती माणसं, म्हणून ‘ऑल द पॅसेंजर्स गॉट ऑफ’. कसोटी इथं थोडी लंगडते, कारण मराठीत बस म्हणून आपण माणसं मोजतोय.

‘माझं सबंध बालपण उमरेडला गेलं.’ आय स्पेंट माय होल चाइल्डहुड इन उमरेड. माय आधी, होल नंतर.

‘तब्बल एक तास लिफ्ट बंद होती.’ द लिफ्ट वॉज आउट ऑफ ऑर्डर फॉर अ होल अवर.

‘पुरामुळं वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.’ होल नेबरहूड्स वेंट अंडर वॉटर. दुरुक्ती दिसली, होल आला.

‘सगळ्या विदर्भात पाऊस आहे.’ इट इज रेनिंग ओव्हर द होल ऑफ विदर्भ. ‘ऑफ’ राहिला असेल तर पाचवी पायरी.

‘फॉर्म पूर्ण भरून द्या.’ इथं सत्तर टक्के भरून चालणार नाही असं सांगायचंय, आणि मनात ‘पूर्ण’ असल्यामुळे होल, फुल, कम्प्लीट तिन्ही एकदम जिभेवर येतात. ‘प्लीज कम्प्लीट द फॉर्म’ हे सरळ. ‘प्लीज फिल इन द होल फॉर्म’ हेही बरोबर, एकही रकाना सोडू नका यावर जोर द्यायचा असेल तेव्हा. ‘फिल द फॉर्म फुल’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.